मास्तरांना न उघडणारं कुलूप

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. त्यांचं कुलपांचं दुकान होतं, आणि गल्लीने त्यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली ती त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे. किल्ली हरवलेला माणूस धावतपळत यायचा, घरात दूध गॅसवर ठेवलेलं असायचं, आणि मास्तर आधी त्याला कुलूप म्हणजे काय चीज आहे ते समजावून सांगायचे. दूध उतू जायचं, पण माणूस शहाणा होऊन घरी परतायचा. निदान मास्तरांचा तसा समज होता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्ता, मागे घर, मध्ये एक पडदा. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे, काचेच्या कपाटात नवी कुलपं आणि खिडकीपाशी कामाचं टेबल. टेबलावर जुन्या टॉवेलचा तुकडा कायम अंथरलेला, कारण कुलपातल्या पिना मोहरीपेक्षा थोड्याच मोठ्या असतात आणि एकदा फरशीवर सांडल्या की त्यांची माणसाशी पुन्हा गाठ पडत नाही. या टॉवेलवर मास्तरांचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

किल्लीशिवाय कुलूप उघडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका हाताने किल्लीच्या भोकात पोलादी पट्टी घालून कुलपाला किंचित पीळ द्यायचा, दुसऱ्या हातातल्या आकडीने आतल्या पिना एकेक करून वर उचलायच्या, आणि पिन आपल्या जागी बसली की ते बोटाला कळायला हवं. सगळी गंमत पट्टीवरच्या बोटात. ते बोट हलकं हवं, हे मास्तरांचं तत्त्व. कुलूप जितकं अडून बसेल तितकं बोट आणखी हलकं करायचं, चिडलेल्या माणसाशी आपण आवाज खाली आणून बोलतो तसं. तार खुपसून कुलूप गदागदा हलवणारे लोक असतात, त्यांना ते 'खडखडवणारे' म्हणत, आणि हा शब्द शिवीसारखा वापरत. समोरचा पंक्चरवाला जन्मजात खडखडवणारा होता. त्याने बरणीचं झाकण उघडून दिलं की ती बरणी पुन्हा म्हणून बंद होत नसे. तरीही तो मास्तरांचा एकमेव मित्र होता, कारण व्याख्यान चालू असताना तो झोपत नसे.

दुसरं तत्त्व असं की कुलपाबद्दल खोटं बोलायचं नाही. गिऱ्हाइकाने कपाटाकडे बोट दाखवून "हे चांगलं आहे का?" असं विचारलं की मास्तर सरळ "नाही" म्हणायचे, आणि ते मग त्यांच्याच कपाटात का आहे हेही तपशीलवार सांगायचे. त्यांची बायको पडद्यामागून हे ऐकून कपाळाला हात लावायची.

त्यांची एकुलती एक लेक म्हणजे बारकी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी म्हणू लागले, आणि आता बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी ते नाव काही तिची पाठ सोडेना. शाळेत असताना ती दुकानातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. म्हणजे वही मांडीवर आणि डोळे बापाच्या बोटांवर. पुढे यंत्रांचं शिक्षण घेतलं आणि दूरच्या एका शहरात तिला वजनकाटे तपासायची नोकरी लागली. सोनाराच्या काट्यापासून ट्रक उभा राहतो त्या काट्यापर्यंत सगळे काटे खरं बोलतात की नाही ते बघायचं. मास्तरांनी ही बातमी पंक्चरवाल्याला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा तर रस्ता ओलांडून जाऊन सांगितली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्या शहरातल्या घरमालकिणीचा फोन आला. वरच्या मजल्यावर खोली आहे, लांब व्हरांड्यात ओळीने बऱ्याच खोल्या आहेत, नळ टोकाला आहे, दाराला कडी-कोयंडा आहे. कुलूप मात्र ज्याचं त्याने आणायचं.

हे वाक्य बारकीने जेवताना सहज सांगितलं. मास्तरांचा घास हातातच राहिला. व्हरांडा, ओळीने खोल्या, येणारी-जाणारी माणसं आणि दाराला बाहेरून लोंबणारं कुलूप, असं सगळं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "कुलूप मी पारखून देतो. मला न उघडणारं कुलूप मिळालं, की तू जायला मोकळी."

बारकीला ते रास्त वाटलं. हजर व्हायच्या तारखेला अजून अवकाश होता, आणि जगात कुलपांचा काही तुटवडा नव्हता. बायकोला मात्र रास्त वाटलं नाही. तिने भाताचा डाव पातेल्यात ठेवला आणि म्हणाली, "पाठवायचं नाही, असं सरळ सांगा ना."

मास्तर म्हणाले की हा तांत्रिक प्रश्न आहे. बायको म्हणाली की चोर काही आकड्या घेऊन टॉवेल अंथरून बसत नाही, तो दगड घालतो. मास्तरांनी यावर थोडा विचार केला आणि दगडाची जबाबदारी आपल्यावर येत नाही, असं सांगून हात धुवायला उठले.

यात लबाडी होती असं म्हणावं तर तसंही नाही. आपण मुलीच्या भल्याचंच बघतोय, याबद्दल मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बापांना ही एक मोठी सोय असते. पोर दूर गेली तर आपल्याला करमणार नाही, हे वाक्य तोंडातून काढायला जड जातं, म्हणून ते आयुष्यभर दुसऱ्याच कुठल्या तरी वाक्यात गुंडाळून बोलत राहतात. मास्तरांनी ते कुलपात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू झाली. बारकी कुलूप आणायची, कधी कपाटातून, कधी बाजारातून, आणि टॉवेलवर ठेवायची. सुरुवात पत्र्याच्या कुलपापासून झाली. ते मास्तरांनी वाकवलेल्या तारेने उघडलं आणि तिला परत देत म्हणाले की हे कुलूपच नव्हे, ही नुसती विनंती आहे. मग नंबर फिरवायचं कुलूप आलं. मास्तरांनी त्याची वरची वाकडी दांडी, म्हणजे त्यांच्या भाषेत कमान, बोटाने हलकेच ओढून धरली आणि चकत्या फिरवायला लागले. प्रत्येक चकती आपल्या आकड्यावर आली की जराशी अडायची. थोड्याच वेळात कुलूप उघडून त्यांनी निकाल दिला की हे बोलघेवडं आहे, विचारायच्या आधी सांगून टाकतं.

तिसरं लिव्हरचं होतं, लोखंडी, जाडजूड, हातात धरलं की मनगट खाली जाईल असं. ते उघडायला त्यांना वेळ लागला. मास्तर म्हणाले की हे प्रामाणिक आहे, पण आता त्याचं वय झालं. पितळेच्या पिनांचं चकचकीत कुलूप त्यांनी एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता उघडलं आणि ते उघडल्याचं गिऱ्हाइकाच्या आधी कुलपाच्याच लक्षात आलं असावं. एक गोल कुलूप आलं. त्याची कमान आतल्या आत लपवलेली, कापता येऊ नये म्हणून. मास्तर म्हणाले की तोंड लपवलं म्हणजे अक्कल आली असं होत नाही, आणि तेही उघडलं. बोट टेकवलं की उघडणारं बॅटरीचं कुलूप तर त्यांनी हातातच घेतलं नाही. बॅटरी संपली की चोर आणि पोर दोघंही बाहेर, आणि दोघांत चोराची तयारी जास्त, एवढंच ते बोलले.

पंक्चरवाला रोज संध्याकाळी निकाल ऐकायला यायचा. त्याला या प्रकारात मजा वाटत होती. घरात मात्र कोणाला मजा वाटत नव्हती. जेवणाच्या ताटांच्या बाजूला उघडी कुलपं पडलेली असायची आणि बायको ती एकेक बाजूला सारून वाढायची. तारीख जवळ येत होती. त्या तारखेला हजर झालं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, असं कंपनीने आधीच कळवलं होतं. बारकीने हे बापाला सांगितलं होतं. मास्तरांनी मान डोलावली होती आणि पुढचं कुलूप आण म्हणून सांगितलं होतं.

ती उठून निघून जाऊ शकली असती. चांगली कळती सवरती होती, बसचं तिकीटही काढलेलं होतं. पण अट तिने मान्य केली होती, आणि बापाच्या तोंडावर दार आपटून गेलं तर सुट्टीला येताना तेच दार कुठल्या तोंडाने लोटायचं, हा प्रश्न होता. शिवाय ती त्याच बापाची लेक होती. अट म्हटली की पुरी करायची, असं तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

शेवटी तिने चकत्यांचं कुलूप आणलं. ते बाजारात सहजासहजी मिळत नाही, कुठून तरी मागवावं लागलं. यात पिना नसतात, स्प्रिंगा नसतात. आत एकावर एक रचलेल्या चकत्या, आणि त्या प्रत्येकीला तिच्या तिच्या अंशात वळवायचं. दोन कुलपांत उजवं-डावं करायची वेळ आली की मास्तर स्वतःच या जातीचा दाखला द्यायचे. पिनांचं कुलूप बोटाला धक्का देऊन उत्तर सांगतं, हे काहीच सांगत नाही. त्यांनी यासाठी वेगळं हत्यार घासून तयार केलं, दुकानाचं अर्धं दार लोटून घेतलं आणि बसले.

दुपार सरत आली तरी कुलूप ढिम्म. बारकी पडद्यापाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली आणि ती मास्तरांना दिसली.  आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुलपाची भीती वाटली. हे उघडलं नाही तर ही जाणार, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घोळत राहिली, आणि त्यांनी श्वास रोखून बोट आणखी हलकं केलं. चकत्या एकामागून एक जागेवर आल्या. कमान टकदिशी वर आली.

मास्तरांच्या जिवात जीव आला. तो इतका उघड आला की बारकीनेही पाहिला.  तिने कुलूप उचललं, बंद केलं, जागेवर ठेवलं आणि पडद्याआड गेली. मास्तर बराच वेळ हत्यार पुसत बसले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, पण कुलूप उघडल्याचा आनंदही होत होता, आणि दोन्हींतलं कुठलं खरं ते त्यांना ठरवता येईना.

त्या दिवसापासून बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं. चहा यायचा, पण तो टेबलावर जरा जोरात ठेवला जायचा.  बारकी दुपारी, मास्तर आडवे व्हायचे त्या वेळात, दुकानातल्या टेबलाशी काहीतरी करत बसायची. कानसीचा बारीक आवाज यायचा. मास्तरांना वाटलं, पोरीने हाय खाल्ली आणि हात गुंतवायला काहीतरी घेतलं. त्यांना वाईट वाटलं. काही दिवसांनी विसरेल, असंही वाटलं.

मग एका सकाळी तिने टॉवेलवर एक कुलूप ठेवलं. साधं, पितळी, पिनांचं. मास्तरांच्याच कपाटातलं, वर्षानुवर्षं कोणी न घेतलेलं.

"हे?" मास्तर म्हणाले.

"हे शेवटचं. याच्यात मी थोडं काम केलंय."

मास्तरांनी कौतुकाने कुलूप उलटसुलट करून बघितलं. लेकीने कुलपात हात घातला याचा त्यांना आनंद झाला, आणि बिचारीचं किती लवकर उघडावं याचा ते मनातल्या मनात विचार करू लागले. फार लवकर उघडलं तर तिला लागेल. चहा होईपर्यंत थांबावं, असं त्यांनी ठरवलं.

चहा झाला. दुसरा झाला. पहिली पिन उचलली की बसायची, दुसरीकडे जावं तर पहिली घसरून खाली. मास्तरांनी बोट हलकं केलं. आता दोन्ही खाली. आणखी हलकं केलं, पट्टीला बोट टेकलंय की नाही अशी शंका यावी इतकं. पिना जणू लोण्यातून घसरल्यासारख्या जागेवर परत. किल्ली बनवायला आलेला एक माणूस बराच वेळ उभा राहिला आणि कुलूप म्हणजे काय हे न कळताच परत गेला, असं दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. मास्तरांनी आकडी बदलली, पट्टी बदलली, चष्मा काढून डोळे मिटून पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या नाकी नऊ आले.

पंक्चरवाला नेहमीप्रमाणे आला, मास्तरांचं तोंड बघितलं आणि आज न बसताच निघून गेला.

दिवे लागले तेव्हा मास्तरांनी आकडी टॉवेलवर ठेवली. त्यांना खोटं बोलता आलं असतं. हे उघडलं होतं, मग मी बंद केलं, एवढं म्हणून भागलं असतं, आणि घरात त्यांच्या शब्दावर शंका घेणारं कोणी नव्हतं. तो विचार त्यांच्या मनाला शिवूनही गेला. पण कुलपाबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि या वयात नवीन काही शिकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी पडदा सारला. मायलेकी आत भाजी निवडत होत्या.

"नाही उघडत," मास्तर म्हणाले.

बारकी उठून उभी राहिली. बायकोने कित्येक दिवसांनी त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, काहीही कर. त्या रात्री ते जेवले फार कमी, पण कुलपाची तारीफ पुष्कळ केली. पोरीने बापाला हात टेकायला लावले, असं म्हणताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. बारकी मान खाली घालून जेवत होती. कुलपात काय केलंस ते त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की एवढं एक तरी मला राहू द्या. मास्तरांना तेही रास्त वाटलं.

बस दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळपासून आत बॅग भरणं चाललं होतं, बायको हे घे, ते घे करत होती, आणि कुलूप बंद करून टेबलावर ठेवलेलं होतं. पंक्चरवाला निरोप द्यायला आला. त्याच्या हाताला काही ना काही चाळा लागतो. मास्तर त्याला या कुलपाचं अजब वागणं सांगत होते, पिना कशा घसरतात, बोट कितीही हलकं केलं तरी कशा दाद देत नाहीत, आणि सांगता सांगता ते भिंतीकडे वळून एक किल्ली दाखवू लागले. मागे खडखड असा आवाज झाला.

मास्तर वळले. पंक्चरवाल्याच्या एका हातात सायकलच्या चाकाची तार होती आणि दुसऱ्या हातात उघडं कुलूप.

"हेच का ते?" त्याने विचारलं. त्याला खरंच वाटत होतं की आपण चुकून दुसरंच उचललं.

मास्तरांनी त्याला पुन्हा करायला लावलं. पंक्चरवाल्याने वाकवलेल्या पत्र्याचा तुकडा भोकात दाबला, अंगठ्याने असा काही पीळ दिला की मास्तरांनी डोळे मिटून घेतले, तार घुसवली आणि पुढे-मागे धसमुसळेपणाने ओढली. कुलूप उघडलं. तिसऱ्यांदाही उघडलं. तो म्हणाला की हे तर आमच्या दुकानाच्या शटरपेक्षा सोपं आहे. मास्तरांनी त्याच्या हातातून कुलूप घेतलं आणि त्याला स्टुलावर बसवून गप्प राहायला सांगितलं.

त्यांनी कुलूप टॉवेलवर खोललं. आत मूळच्या नाजूक स्प्रिंगा नव्हत्या. सिगारेटच्या लायटरमधल्या ताठ स्प्रिंगा कापून बसवल्या होत्या, आणि पिनांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. मास्तरांना सगळं समजायला वेळ लागला नाही. ताठ स्प्रिंग पिनेला खाली रेटते. पट्टीवर बोट जड असेल तर पिन वरच्या वर अडकून राहते, हलकं असेल तर घसरते. जितकं हलकं बोट तितकी लवकर घसरते. रस्त्यावरच्या कुठल्याही आडदांड माणसाला हे कुलूप चुटकीसरशी उघडलं असतं. न उघडण्याची सोय केली होती ती फक्त एका बोटासाठी.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. व्हरांडा, ओळीने खोल्या, येणारी-जाणारी माणसं, आणि या पोरीने सगळ्या जगाला उघडं आणि एकट्या बापाला बंद असं कुलूप करून घेतलं. ते पडद्याकडे निघाले. आता त्यांच्या हातात कारण होतं, आणि या वेळी ते खरंखुरं कारण होतं. हे कुलूप घेऊन तिला पाठवणं म्हणजे दार उघडं टाकून पाठवणं. अट मोडली, तारीख गेली, विषय संपला. बायकोलासुद्धा काही बोलता आलं नसतं.

पडद्याच्या फटीतून बारकी दिसत होती. ती बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढत होती, आणि चेन जाईना तशी ती ओढायची थांबली, कपडे एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने चेन अगदी हलक्या हाताने सरकवायला लागली. चेन सरकली. मास्तर तिथेच थबकले. हे कुलूप करायला तिला त्यांचं बोट त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. केव्हा ते हलकं होतं, किती होतं, अडलं की ते काय करतं आणि काय कधीच करत नाही. स्टुलावर बसून इतकी वर्षं तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. ते सगळं तिने साठवलं होतं आणि शेवटी वापरलं ते त्यांच्या हातून सुटण्यासाठी. मास्तरांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि आपण तिच्यावर ही वेळ आणली, तेही वाटलं.

ते परत टेबलाशी येऊन बसले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी मध्ये कंबर असलेल्या पिना काढल्या, ज्या अर्ध्या वाटेवर जागेवर बसल्याचं सोंग करून उघडणाऱ्याला फसवतात. मूळच्यासारख्या नाजूक स्प्रिंगाही त्याच खणातून काढल्या. लायटरच्या स्प्रिंगा चिमट्याने उचलून बाजूला ठेवल्या आणि कुलूप नव्याने भरायला घेतलं. पंक्चरवाला पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बसला होता. काम झाल्यावर मास्तरांनी कुलूप बंद करून त्याच्यापुढे केलं. त्याने पत्रा दाबला, तार घातली, पीळ दिला, खडखडवलं, पुन्हा खडखडवलं. तार वाकली. त्याने कुलूप परत दिलं आणि म्हणाला की चांगलं उघडत होतं, उगाच बिघडवलंत.

मग मास्तरांनी स्वतः आकडी घेतली. पिनांनी त्यांना दोनदा फसवलं. त्यांनी बोट हलकं केलं आणि कुलूप उघडलं. ते त्यांनी बंद केलं, टॉवेलने पुसलं, किल्ल्या अडकवल्या आणि उठले.

बारकी बॅग घेऊन दारात आली होती. मास्तरांनी कुलूप तिच्या हातात दिलं. तिने सवयीने किल्ली घालून फिरवली, आणि ताठ स्प्रिंगांवर जाते तशी जड न जाता ती अलगद फिरली तसा तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही आत बघितलंत," ती म्हणाली.

"पंक्चरवाल्याने उघडलं. सायकलच्या तारेने."

 बारकीने आईकडे बघितलं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी ती पुढे येऊन लेकीशेजारी उभी राहिली. बाहेर पंक्चरवाला आपली वाकडी तार सरळ करत होता.

"मग आता?" बारकीने विचारलं.

"आता त्याला उघडत नाही. कोणालाच उघडायचं नाही."

"आणि तुम्हाला, बाबा?"

मास्तरांनी कुलपाकडे बघितलं.

"मला उघडतं," ते म्हणाले. "पण मी तिथे कुठे असणार आहे?"

मग त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागले.